पाहुण्यांची खाडी



मी उम्म अल कुवैन येथील एका शाळेत विज्ञान शिकवतो. तेथील अनुभव आपल्यासमोर मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी चालक मंडळाचा ऋणी आहे.

संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी ही लोकसंख्येने सर्वांत लहान. तेथील खोर अल बैदा या उथळ खाडीत वाढणारे तिवर आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडेही वाढते. जवळच्या सिनिया बेटावर सोकोत्रा पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे.

ऊर्जेचा पाठ मी तेलविहिरीपासून नव्हे, तर पाण्याच्या पेल्यापासून सुरू करतो. या देशात बारमाही नदी नाही. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या नक्आ प्रकल्पाची क्षमता दररोज 15 कोटी इंपीरियल गॅलन आहे. अशा पद्धतीने एक हजार लिटर पाणी गोडे करण्यास सुमारे 3 ते 4 युनिट वीज लागते, आणि उरलेले अतिखारे पाणी समुद्रात परत जाते. देशातील वीज बव्हंशी नैसर्गिक वायूपासून मिळते. बराका येथील चार अणुभट्ट्या सुमारे चौथा हिस्सा पुरवतात. सौरऊर्जाही वाढत आहे. घरच्या पाण्याचा हिशेब मांडला की मुलांना ही साखळी उमगते.

नंतर ती 2050 सालच्या खाडीची तीन चित्रे काढतात: काहीच न बदलता, केवळ यंत्रे बदलून, आणि यंत्रांबरोबर सवयीही बदलून. "यांतले खरे कोणते?" असे ती विचारतात. अजून कोणतेच नाही, असे मी सांगतो.

एकदा एका केरळी मुलीने विचारले, "सर, बाबांची नोकरी संपली की आम्ही येथून जाणार. ही खाडी आमची नाही. मग तिची काळजी आम्ही का करावी?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांची, आणि माझीही, स्थिती तीच होती.

त्या रात्री मला आपले पूर्वज आठवले. परंपरेनुसार गलबत फुटून ते नवगावच्या किनाऱ्याला लागले. भूमी परकी होती. त्यांनी घाण्यावर तेल गाळून गावाला दिव्याचे इंधन पुरवले, आणि शनिवारी घाणा थांबवला. म्हणून ते शनवार तेली म्हणवले गेले. त्या दिवशी बैलालाही विसावा मिळे. तोराच्या तिसऱ्या ग्रंथात भूमी देवाची आणि आपण सारे तिच्यावरील पाहुणे, असे सांगितले आहे. सातव्या वर्षी शेताला विश्रांती देण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला कोकणातल्या तेल्यांची ही हकिकत सांगितली आणि म्हणालो, "बेटा, पाहुणा विहीर गढूळ करून जात नाही. आपल्यानंतरही कोणी तेथे पाणी भरायला येणार असते."

तिचे पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. मात्र तिने तिसरे चित्र पुन्हा काढायला घेतले.

आपणास एकच विनंती. येत्या शब्बाथला घाणा का थांबत असे, हे मुलांना सांगा. नंतरच्या आठवड्यात विजेचे बिल त्यांच्या हाती द्या आणि आपल्या घरात काय थांबवता येईल, हे त्यांनाच ठरवू द्या.