शिकवण्यासाठी साधन कोणते घ्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर भाषण ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. पाककृती किंवा भरतकाम शिकवायचे असते तर मलाही जास्त सोपे गेले असते. परंतु हा विषय मी कोठून शोधून आणलेला नाही. तो आपल्या मंडळाच्या दारातूनच आत आला.

आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. दरमहा विजेचे बिल आले की त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे येत. मी भरून दाखवीत असे, त्या ‘समजले’ म्हणत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत. एकदा मी गावी गेले होते. तेवढ्यात त्यांना एक फोन आला. बोलणारा स्वतःला वीज कार्यालयातला म्हणवीत होता. ‘तुमचे बिल थकले आहे, रात्री वीज तोडू, मी सांगतो ते अ‍ॅप घ्या, म्हणजे मी येथूनच भरून दाखवतो,’ असे तो म्हणाला. काकूंनी अ‍ॅप घेतलेही. सुदैवाने सूनबाई तेवढ्यात आल्या आणि त्यांनी फोन बंद केला. काकू मला म्हणाल्या, “तो इतका गोड शिकवत होता गं!”

हे वाक्य माझ्या मनाला लागले. आपण शिकवायला कमी पडलो, म्हणून तिसऱ्याच माणसाला शिकवण्याचे सोंग आणता आले. तेव्हा ठरवले, बिल कसे भरावे याचा व्हिडिओ करून द्यायचा. काकूंनी तो हवा तेव्हा, हव्या तितक्या वेळा पाहावा.

येथे एक भेद पक्का लक्षात ठेवा. पडद्याचे रेकॉर्डिंग करणे निराळे आणि आपला पडदा दुसऱ्याला दुरून दाखवणे निराळे. रेकॉर्डिंग आपल्याच फोनमध्ये राहते, आपण देऊ तेव्हाच दुसऱ्याकडे जाते. पडदा दुरून दाखवणाऱ्या अ‍ॅपने मात्र परका माणूस थेट आपल्या घरात शिरतो. अशा अ‍ॅपच्या आधारे खात्यातून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

आता साधनाकडे वळू. मी प्रथम चूक केली ती अशी, की ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते’ हे शोधत बसले. एकाने पूर्ण व्हिडिओवर आपल्या कंपनीचे नाव छापले, दुसऱ्याने थोड्या वेळाने काम थांबवून पैसे मागितले. आठवडा गेला, आणि बिल भरणे कोणी शिकले नाही. मग ध्यानात आले की प्रश्नच उलटा विचारायला हवा होता: पाहणारी कोण, आणि ती कशावर पाहणार?

काकू मोबाईलवर पाहणार आणि मोबाईलवरच बिल भरणार. मग मोबाईलच पुरे. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, रेकॉर्डिंगची सोय फोनमध्येच आहे. पडद्याच्या वरून खाली बोट ओढले की खुणा दिसतात, त्यांत ती असते. तेथे मायक्रोफोनचा आवाज चालू करावा आणि बहुतेक फोनवर बोटाचा स्पर्श दाखवण्याचीही सोय असते, ती घ्यावी. बोट कोठे टेकले हे दिसले नाही तर शिकणारी गोंधळते. आयफोनवर ही सोय २०१७ पासून आहे. तेथे रेकॉर्डिंगची खूण दाबून धरली की मायक्रोफोन चालू करता येतो.

संगणकावरचे काम शिकवायचे असेल तर गोष्ट वेगळी. विंडोजमध्ये खेळांसाठी दिलेली रेकॉर्डिंगची सोय एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी टिपते. फायली उघडून दाखवायच्या असतील तर ती उपयोगी नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये मात्र पडद्याचा हवा तेवढा भाग निवडून रेकॉर्ड करता येतो. याहून जास्त हवे असेल तर ओबीएस स्टुडिओ घ्यावे. ते २०१२ पासून आहे, विनामूल्य आहे, त्याला वेळेची मर्यादा नाही आणि ते कोणाचे नाव छापत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या खिडक्या पाहून घाबरायला होते, हे मी कबूल करते. त्यात फाईल एमकेव्ही प्रकारात ठेवावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचे काम वाचते. कापाकापी मात्र त्यात होत नाही. त्यासाठी दुसरे साधन लागते.

परंतु साधनाहून महत्त्वाची गोष्ट मला पवईच्या आयआयटीकडून शिकायला मिळाली. तेथे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला, त्याला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचे साहाय्य मिळाले. आपल्या भिशीचा हिशेब मी कॅल्कमध्ये ठेवते, तो त्यांच्याच धड्यांवरून शिकले. त्यांचा धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्यावरचे चित्र तेच ठेवून आवाज मराठीसह अनेक भाषांत दिलेला असतो. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर आपले काम, अशी त्यांची रीत आहे. धडा आधी लिहून काढतात, आणि रेकॉर्डिंगपूर्वी तो विषय मुळीच न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडला तर धडा बदलायचा, माणूस नव्हे!

मीही तसेच केले. कागदावर चौदा ओळी लिहिल्या आणि काकूंना वाचून दाखवल्या. ‘नंतर पुढे जा’ या ओळीला त्या अडल्या. “पुढे म्हणजे कुठे? ते निळं बटण का?” मी ओळ बदलली. चेहरा दाखवण्याचा संकोच वाटत असेल तर सोडून द्या. अमेरिकेतील सलमान खान नावाच्या शिक्षकांचे गणिताचे धडे जगभर पाहिले जातात. त्यांत त्यांचा चेहरा नसतो, आवाज आणि फळाच असतो.

आता माझी फजिती ऐका. पहिला व्हिडिओ मी उत्साहाने मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्यात मध्येच वरून बँकेचा निरोप सरकला आणि माझ्या खात्यातील शिल्लक साऱ्या भगिनींनी वाचली! (हशा) ती फार नव्हती म्हणून बरे. पण त्या जागी ओटीपी किंवा आधार क्रमांक असता तर? म्हणून आता रेकॉर्डिंगपूर्वी सूचना बंद करते, आणि पाठवण्याआधी व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत स्वतः पाहते. पुष्कळ बँकांच्या अ‍ॅपमध्ये पडदा काळाच उमटतो. तो रेकॉर्डरचा दोष नव्हे, आपल्या रक्षणाची ती तजवीज आहे. ती मोडण्याची युक्ती शोधू नका. पिनपर्यंत दाखवा, पुढचे तोंडाने सांगा.

भगिनींनो, आपले चारकोप कसे वसले ते जुन्या सभासदांना आठवत असेल. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने भूखंड आणि सोयी दिल्या, घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवले. आधी एक खोली झाली, मग माळा, मग वरचा मजला. वरचा मजला होईपर्यंत कोणी चूल पेटवायची थांबले नाही. साधनाचेही तसेच आहे. हातात आहे त्याने आज पहिला धडा करा, कमी पडेल तेव्हा मोठे घ्या.

काकू गेले चार महिने स्वतः बिल भरतात. गेल्या पंधरवड्यात पुन्हा तसाच एक फोन आला. काकूंनी त्याला सांगितले, “मला शिकवायला आमचं मंडळ आहे,” आणि फोन ठेवला.

यापुढे दर महिन्याला एका भगिनीने एक धडा करावा, अशी माझी विनंती आहे. लिहून देण्याचे काम मी करीन.