तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारले ते जुलमी करांमुळे, असे आपण शाळेत शिकलो. हे विधान खोटे नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते अपुरे वाटते. कारण त्या काळी इंग्लंडमधील सामान्य माणूस वसाहतीतील माणसापेक्षा कितीतरी अधिक कर भरीत होता. मग ज्यांच्यावरील ओझे हलके, त्यांनीच बंड का करावे?

फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध १७६३ साली संपले, तेव्हा इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याच्या खर्चाचा वाटा तेथील लोकांनी उचलावा, अशी लंडनची भूमिका होती. त्यातून १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. वृत्तपत्रे, दस्तऐवज, फार काय, पत्त्यांच्या जोडांवरही कर बसला. वसाहतींनी उत्तर दिले : ब्रिटिश पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार आमच्या विधिमंडळांचा. विलायती मालावर बहिष्कार पडला, तेथील व्यापारी हवालदिल झाले आणि १७६६ साली तो कायदा रद्द झाला. मात्र त्याच वेळी पार्लमेंटने जाहीर केले की, वसाहतींना सर्व बाबतींत बांधील असे कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. म्हणजे कर गेला, परंतु हक्क राखून ठेवला.

पुढील पाऊल अधिक मर्मभेदी होते. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर नेमी राजा. परंतु त्याचा पगार मंजूर करी स्थानिक विधिमंडळ. राजाच्या माणसाला लगाम होता तो एवढाच. १७६७ साली काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर जकात बसली आणि तिच्या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याची तरतूद झाली. पगार देणारा बदलला की निष्ठाही बदलते, हे वसाहतींतील लोक ओळखून होते. वाद पेनी-शिलिंगांचा राहिला नाही; तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती, हा खरा वाद झाला.

चहाचे प्रकरण याच दृष्टीने पाहावे. १७७० च्या सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे मरत असतानाही ईस्ट इंडिया कंपनी सारावसुलीत हयगय करीत नव्हती. तरीही हीच कंपनी १७७३ पर्यंत दिवाळखोरीच्या काठावर आली होती आणि तिच्या गोदामांत चीनचा चहा पडून होता. तिला वाचविण्यासाठी पार्लमेंटने थेट अमेरिकेत चहा विकण्याची सवलत दिली. त्यामुळे तेथे चहा स्वस्त होणार होता. परंतु पौंडामागे तीन पेन्सची जकात कायम होती. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे ती जकात मान्य करायची. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. यात चोरट्या चहाचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ व्यापाऱ्यांच्या स्वार्थासाठी गावोगावचे लोक उठत नाहीत. पार्लमेंटने बोस्टन बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली आणि शेजारच्या वसाहतींना आपलेही भवितव्य दिसले.

एवढे होऊनही राजावरील श्रद्धा सुटली नव्हती. पार्लमेंट वाईट, राजा मायबाप, अशीच समजूत होती. १७७५ च्या एप्रिलमध्ये रक्त सांडल्यावरही वसाहतींच्या काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे विनंती-अर्ज धाडला. त्याने तो स्वीकारलाच नाही. उलट त्यांना बंडखोर ठरविले. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेन याने आपल्या पत्रकात राजेशाहीच्या मुळावरच घाव घातला आणि ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. परंतु तेरा वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख वस्तीत पाचातला एक माणूस गुलाम होता. जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध होता. काँग्रेसने तो गाळला. जेफर्सन स्वतःही गुलामांचा मालक होता. ॲपलाशियन पर्वतापलीकडे वसाहत करण्यास राजाने १७६३ साली केलेली मनाई अनेकांना जाचत होती. तेथील मूळ रहिवाशांच्या दृष्टीने ती उठणे म्हणजे जमीन जाणे होते.

आणि युद्ध जिंकल्यावर काय झाले? लढून परतलेल्या शेतकऱ्यांवर मॅसॅच्युसेट्समध्ये जबर कर बसले. ते मुख्यतः सरकारी रोखेधारकांचे देणे भागविण्यासाठी होते. जमिनींवर जप्त्या आल्या. १७८६ साली डॅनियल शेज आणि त्याच्या सोबत्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांच्यावर जी फौज धाडली गेली, तिचा खर्च बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून केला. तिजोरीची किल्ली लंडनहून निघाली होती. ती बोस्टनच्या पेढीपर्यंत येऊन थबकली.

म्हणून कोणत्याही स्वातंत्र्याच्या इतिहासाला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. किल्ली कोणाच्या हातून सुटली, हा पहिला. आणि ती कोणाच्या हाती पडली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाठ्यपुस्तके देतात. दुसऱ्याचे उत्तर शोधणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.