कोयता आणि संगणक



कंत्राटी श्रम म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. दर गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड मजूर येथे येतात. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादम उचल देतो, आणि मजुराची जबाबदारी कोणाची असे विचारताच कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो. संगणकावर काम करणारा सुशिक्षित तरुण या व्यवस्थेबाहेर आहे, हा समज मात्र चुकीचा आहे.

येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे कित्येक तरुण पुण्याच्या हिंजवडीत कंत्राटी प्रोग्रामर म्हणून रुजू होतात. काम एक कंपनी सांगते, पगार दुसरी देते. आणि काम संपले की दोन्ही हात झटकून मोकळ्या होतात.

ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने प्रस्थापित केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ते टिकून आहे. मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावण्यास मनाईही आहे. परंतु त्या मनाईला अपवाद मोठे आहेत. शिवाय ठेकेदाराकडे ज्याला कायम नोकरी, नियमित वेतनवाढ व सामाजिक सुरक्षा आहे, तो कंत्राटी कामगार गणलाच जात नाही. म्हणून नेमणूकपत्रात काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय मिळते, हे कार्यकर्त्याने प्रथम तपासले पाहिजे.

दुसरा प्रकार थेट कराराचा. येथे तरुणाला कामगार न म्हणता 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हटले जाते. पण कामाची वेळ मालकाने ठरवायची, रजा त्यानेच द्यायची, कामाची रीतही त्यानेच सांगायची, तर स्वातंत्र्य उरले कोठे? ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रणाची हीच कसोटी लावली आणि मिठाच्या उत्पादनावर मोबदला घेणाऱ्या हंगामी अगरियांना कामगार ठरविले.

जो खरोखर स्वतंत्र आहे, त्याच्या हाती मात्र ऊसतोड मजुराजवळ नसलेले एक हत्यार आहे. उसाची मोळी गाडीत पडली की ती तोडणाऱ्याची राहत नाही. संगणकाचा प्रोग्राम मात्र 1984 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती मानला जातो. नोकरीत लिहिला तर तो मालकाचा. स्वतंत्रपणे लिहिला तर, वेगळा करार नसल्यास, लिहिणाऱ्याचा. त्या हक्काचे हस्तांतर लेखी व सहीच्या कराराशिवाय होत नाही. म्हणूनच करारपत्रात हक्क सोडल्याचे कलम हटकून असते. पैशाच्या तारखेचे कलम शोधावे लागते. पूर्ण मोबदला मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होईल, हे एक वाक्य त्यात घालण्याचा आग्रह धरला पाहिजे.

हा आग्रह उद्यमनगरातील प्रामाणिक लघुउद्योजकाच्या विरुद्ध नाही. कामाची व्याप्ती, टप्पे, रक्कम व मुदत आधी लिहून ठेवली, तर त्याचेही तंटे टळतात. विरोध आहे तो हुकूम चालवून जबाबदारी नाकारण्याला. हातचे काम जाईल या धास्तीने एकटा तरुण हा आग्रह धरू शकत नाही. संघटनेचे काम तेथूनच सुरू होते.