मिनेसोटाच्या सरोवरांतील मासेमारी : परवाना, मोसम आणि मर्यादा

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मिनेसोटा हे राज्य ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ म्हणून ओळखले जात असले, तरी दहा एकर किंवा त्याहून मोठ्या सरोवरांची तेथील अधिकृत संख्या 11,842 आहे. हिमयुगातील हिमनद्या मागे सरकताना उरलेल्या या जलाशयांत गळ टाकून मासे पकडणे हा तेथील सर्व थरांतील लोकांचा आवडता छंद आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणाऱ्या आईवडिलांनाही या छंदाचा मोह पडतो. मात्र हातात काठी घेण्यापूर्वी तेथील नियम समजून घेणे आवश्यक आहे, आणि ते केवळ दंड टाळण्यासाठी नव्हे, तर त्या नियमांतील जवळजवळ प्रत्येक कलमामागे माशाच्या जीवनक्रमाचा विचार असल्यामुळे.

पहिली अट परवान्याची. वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला सामान्यतः परवाना घ्यावा लागतो, आणि पकडलेला मासा लगेच पाण्यात सोडून देण्याचा हेतू असला तरी ही अट सुटत नाही. राज्याबाहेरील पाहुण्यांसाठी शुल्क अधिक असते. तथापि थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी अल्प मुदतीचे परवाने मिळतात, त्यामुळे काठी यजमानाची आणि परवानाही यजमानाचाच, अशी सोय शोधण्याचे कारण उरत नाही. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याला मासेमारी करता येत नाही. वार्षिक परवान्याचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर 1 मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीच्या अखेरीस संपते, ही बाब नवख्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही. शुल्काचा पैसा वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवलेल्या निधीत जातो. शिवाय 1950 च्या केंद्रीय कायद्यान्वये मासेमारीच्या साहित्यावर बसणाऱ्या कराचा वाटा राज्यांना देताना त्या राज्यातील परवानाधारकांची संख्या विचारात घेतली जात असल्याने, विकत घेतलेला प्रत्येक परवाना सरोवरांच्या देखभालीस दुहेरी हातभार लावतो.

तेथील सर्वांत मानाचा मासा म्हणजे वॉलआय. 1965 मध्ये त्याला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. डोळ्यांतील प्रकाश परावर्तित करणाऱ्या थरामुळे तो अंधुक उजेडात चांगले पाहू शकतो आणि म्हणून संध्याकाळी व पहाटे भक्ष्य शोधत फिरतो. बर्फ वितळताच वसंतात तो अंडी घालतो, आणि म्हणूनच बहुतेक सरोवरांत त्याची मासेमारी फेब्रुवारीच्या अखेरीस थांबून मेच्या मध्यास पुन्हा सुरू होते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते, त्या बंदीच्या मुळाशीही माशांच्या प्रजननाचाच विचार आहे. वॉलआयच्या बाबतीत 20 इंचांहून लांब असा एकच मासा ठेवता येतो, कारण मोठ्या माशांमध्ये अंडी घालणाऱ्या माद्यांचे प्रमाण बरेच असते. नॉर्दर्न पाइक या लांबट, दातेरी शिकारी माशासाठी 2018 पासून राज्याचे तीन विभाग करण्यात आले असून, उत्तर-मध्य विभागात 22 ते 26 इंचांमधील प्रत्येक पाइक पाण्यात परत सोडावा लागतो. तेथे लहान पाइकांची अतोनात गर्दी झाली असल्याने लहान मासे नेऊ देणे आणि मधल्या आकाराच्या माशांना वाढू देणे, असा तो उपाय आहे. बहुतेक जातींची दैनंदिन मर्यादा हीच बाळगण्याचीही मर्यादा असते, म्हणजे घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेले मासेही मोजणीत धरले जातात.

मर्यादा पाळल्या नाहीत तर काय होते, याचे उदाहरण राज्याच्या उत्तरेकडील रेड लेक या विस्तीर्ण जोडसरोवराने दिले आहे. या जलाशयाचा बहुतांश भाग ओजिब्वे या मूलनिवासी समाजाच्या रेड लेक शाखेच्या ताब्यात असून, वरच्या सरोवराचा पूर्वेकडील भाग तेवढा राज्याच्या व्यवस्थेखाली येतो. दीर्घकाळच्या अतिरिक्त मासेमारीमुळे 1990 च्या दशकाच्या मध्यास तेथील वॉलआय जवळजवळ नाहीसा झाला. त्यानंतर ओजिब्वे समाजाने आपली व्यापारी मासेमारी स्वतःहून थांबवली. 1999 मध्ये राज्य आणि समाज यांच्यात करार होऊन वॉलआय पकडणे पूर्णपणे बंद झाले, नवजात पिलांचे बीज सोडण्यात आले, आणि 2006 मध्ये सरोवर पुन्हा खुले झाले. ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती, त्यांनीच आधी हात आखडता घेतला, ही गोष्ट मत्स्यव्यवस्थापनाच्या इतिहासात आदराने नोंदवण्याजोगी आहे. समाजाच्या हद्दीतील पाण्यात बाहेरच्या व्यक्तीला समाजाच्या परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. राज्याचा परवाना तेथे पुरेसा ठरत नाही. मिल लॅक्स सरोवराचे प्रकरण निराळे आहे: 1837 च्या तहाने ओजिब्वेंना मिळालेला मासेमारीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायम ठेवल्यापासून तेथील वॉलआयचा साठा राज्य आणि ओजिब्वे यांच्यात वाटून घेतला जातो आणि नियम वर्षाच्या मध्येही बदलू शकतात. म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि विशिष्ट सरोवराच्या धक्क्यावरील फलक, दोन्ही वाचणे इष्ट.

आमिष म्हणून तेथे छोटे मासे, जळवा आणि गांडुळे वापरतात. उरलेले आमिष पाण्यात किंवा काठावर टाकण्यास मनाई असून ते कचऱ्याच्या डब्यातच टाकावे लागते. गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र मानणाऱ्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटेल. परंतु मिनेसोटातील गांडुळे बाहेरून आलेली असून, तेथील पानगळीच्या जंगलांत जमिनीवरचा कुजक्या पानांचा थर ती झपाट्याने संपवतात आणि त्या थरावर वाढणारी रोपटी उघडी पडतात. परकी शिंपली, विशेषतः झेब्रा मसल, एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ नयेत यासाठी होडी बाहेर काढताच तिच्यावरील शेवाळ व वनस्पती काढणे, पाणी निथळून टाकणे आणि वाहतुकीच्या वेळी तळाचे बूच उघडे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

खाण्यासाठी लहान मासे ठेवणे अधिक श्रेयस्कर. हवेतून पाण्यात उतरणारा पारा अन्नसाखळीतून वर सरकत मोठ्या, वयस्क शिकारी माशांच्या मांसात साठतो आणि शिजवल्याने किंवा तळल्याने तो निघून जात नाही. त्यामुळे गर्भवती स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने दिलेली सेवनमर्यादा घरात पाळली जावी.

हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून मासेमारी चालते, आणि तेव्हा एकाऐवजी दोन दोऱ्या टाकण्याची मुभा असते. पायी चालण्यासाठी किमान 4 इंच, तर लहान मोटारीसाठी 9 ते 10 इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ असावा, अशी राज्याची सूचना आहे. पांढुरका, हिमकणांनी बनलेला बर्फ कमकुवत असल्याने त्यासाठी ही जाडी दुप्पट धरावी, आणि एकाच सरोवरावर जाडी जागोजागी बदलत असल्याने पुढे जाताना ती पुन्हा पुन्हा मोजत जावे.