शिकवायचं कुणाला?



रुग्णाला घरी सोडताना औषधं आणि पथ्यं समजावून सांगणं हे आम्हा परिचारिकांचं रोजचं काम. मधुमेहाच्या एका आजींना मी असंच बजावलं होतं, "इन्सुलिन एकही दिवस चुकवायचं नाही." आजींनी मान डोलावली. पुढच्याच एकादशीला त्यांना बेशुद्ध अवस्थेत परत आणलं. निर्जळी उपास होता आणि सिस्टरनं बजावलंय म्हणून इंजेक्शनही घेतलेलं. रक्तातली साखर पार उतरली होती. आजी वाचल्या. पण "तुम्ही उपास करता का?" हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. चूक माझी होती.

या वेळी घरी सोडताना मी सूनबाईंना आणि नातवाला बोलावून घेतलं, कारण आजींचं जेवण सुनेच्या हातात आणि इंजेक्शन भरून द्यायचं काम नातवाचं. नातवासमोर दोन सिरिंज ठेवल्या. लाल टोपणाची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० ची बाटली लाल सिरिंजमध्ये भरली, तर डोस अडीचपट होतो. सुनेला सांगितलं, दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. घरी फ्रीज नव्हता. मग बाटली कोरड्या डब्यात घालून गार माठात ठेवायचं ठरलं. शेवटी म्हटलं, "आता तुम्ही मला करून दाखवा."

उपास सोडा, असं मी म्हटलं नाही. निर्जळी नको, डोस आधी डॉक्टरांना विचारून ठरवायचा, एवढंच सांगितलं. आजी म्हणाल्या, "दूध-फळं चालतात की एकादशीला!"

घरच्यांना सोबत घेण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या आईवडिलांना देखभाल शिकवली गेली आणि २०१७ साली केंद्र सरकारनं त्यासाठी देशभर मार्गदर्शक सूचना काढल्या.

माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या आईच्या हातात मराठी कागद दिला, म्हणजे शिकवून झालं असं समजू नका. तिची भाषा जाणणारं माणूस शोधा. रोजा असो वा एकादशी, आधी विचारा, मग सांगा.

आणि श्रोतेहो, तुमच्या माणसाला घरी सोडतील त्या दिवशी, जो घरी खरोखर काळजी घेणार आहे त्यालाच रुग्णालयात पाठवा. उपास, काढा, झाडपाला, काहीही लपवू नका. कळलं नाही तर पुन्हा विचारा. पुन्हा सांगणं हे आमचं कामच आहे.