हृदयगतीचा वैद्य कसा घडतो



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं हृदयाच्या ठोक्यांचा विषय निवडला, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु हृदयगतीचा तज्ज्ञ कसा घडतो हें पाहिलें, म्हणजे कोणत्याही सेवेस किती साधना लागते हें उमजतें.

स्कॉटलंडांतील जेम्स मॅकेन्झी यांचेंच उदाहरण घ्या. १८५३ सालीं शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीं शाळा सोडून त्यांनीं औषधांच्या दुकानांत उमेदवारी केली. पुढें एडिंबरो येथें १८७८ सालीं वैद्यकाची पदवी मिळवून ते इंग्लंडांतील बर्नली या गिरण्यांच्या गांवीं स्थायिक झाले. तेथें हृद्विकार असलेली एक तरुण स्त्री त्यांच्या देखत प्रसूतिसमयीं मरण पावली. हा धोका आपणांस आधीं ओळखतां आला नाहीं, ही टोचणी त्यांच्या मनास कायमची लागली.

त्यांनीं दैवास बोल लाविला नाहीं. नाडीचीं टिपणें ठेवण्यास आरंभ केला. मनगटाची नाडी व मानेची शीर यांचे ठोके एकाच वेळीं कागदावर शाईनें उमटविणारें यंत्र त्यांनीं एका घड्याळजीच्या साह्यानें सिद्ध केलें. तेच रोगी त्यांनीं वर्षानुवर्षें तपासले. त्यांतून दिसून आलें कीं, कित्येक चुकणारे ठोके निरुपद्रवी असतात, कांहीं मात्र घातक. निष्कारण भयानें अंथरुणास खिळलेल्यांस या ज्ञानानें धीर दिला. १९०२ सालीं त्यांचा नाडीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९०७ सालीं ते लंडनला गेले, आणि १९२५ सालीं हृद्विकारानेंच निवर्तले.

आज आपल्या देशांत या विद्येसाठीं साडेपांच वर्षें एम्. बी. बी. एस्., तीन वर्षें एम्. डी., पुन्हां तीन वर्षें डी. एम्. आणि त्यापुढें विशेष शिक्षण घ्यावें लागतें. मग शिरेवाटे बारीक तारा हृदयांत नेऊन विजेची चुकार वाट शोधून ती बंद करणें, मंद हृदयास पेसमेकर बसविणें, हीं कामें हातीं येतात. यंत्रें बदललीं, रोग्यापाशीं धीरानें बसण्याची गरज बदलली नाहीं.

पापनिवेदनाआधीं आपण आपल्या अंतःकरणाची झडती घेतों. मॅकेन्झींनीं आपल्या अपयशाची तशीच झडती घेतली, म्हणून एका मातेचें मरण पुढें अनेकांच्या उपयोगीं पडलें. आमच्या धर्मग्रामांतील आईबापांनो, मूल दीर्घ शिक्षणाची वाट धरील तर लवकर मिळवतें होण्याची घाई त्यास करूं नका. आणि तरुणांनो, चूक झाली तर ती लपवूं नका, तिच्यापासून शिका. प्रभु आपणां सर्वांस तें धैर्य देवो.