चार बाइटांची जागा

खतावणी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नावाचा रकाना संपला की हात थांबवायचा. नाव लांबलचक असेल तर ते तोडावं, पण शेजारच्या रकमेच्या रकान्यात अक्षर जाऊ देऊ नये. कारण संध्याकाळी बेरीज करणारा माणूस त्या रकान्यात जे दिसेल त्याला आकडाच समजणार.

संगणकाच्या स्मृतीतही असेच रकाने असतात. आलेला मजकूर तात्पुरता ठेवायच्या रकान्याला बफर म्हणतात आणि मजकूर त्याच्याबाहेर सांडला, तर त्याला बफर ओव्हरफ्लो. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी ही भाषा वेगवान आहे, पण ती लिहिणाऱ्याचा हात धरत नाही. जागा किती उरली हे ज्याचं त्याने मोजायचं. नोव्हेंबर १९८८मध्ये 'मॉरिस वर्म'ने इंटरनेटवरची हजारो यंत्रं जेरीस आणली, तेव्हा त्याची एक वाट हीच होती. ५१२ बाइटांच्या बफरमध्ये त्याने ५३६ बाइट ओतले होते.

मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. आता एका सर्व्हरमध्ये एकच संगणक नांदतो असं राहिलेलं नाही. जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडं, तशी एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं. एकात पतसंस्थेचा हिशेब, दुसऱ्यात शाळेचे निकाल, तिसऱ्यात कोण आहे ते आपल्याला माहीतही नाही. प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडे स्वतंत्र नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात ते कार्ड म्हणजे एक प्रोग्रामच असतो, खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करणारा. आणि तो चालतो बिऱ्हाडकरूच्या खोलीत नव्हे, तर घरमालकाच्या बाजूला. म्हणून त्यात चूक राहिली, तर एका बिऱ्हाडातून मालकाच्या खोलीत आणि तिथून सगळ्या वाड्यात शिरण्याची वाट उघडते.

२०१५ साली असंच झालं. क्यूएमू नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला, आणि आज जगभर आभासी यंत्रं चालवण्यासाठी वापरला जाणारा. त्यात एएमडी कंपनीच्या पीसीनेट या १९९०च्या दशकातल्या कार्डाची नक्कल आहे. जुन्या कार्यप्रणाली हे कार्ड ओळखतात, म्हणून ती ठेवलेली. या नकली कार्डात पाठवायचा मजकूर गोळा करण्यासाठी ४०९६ बाइटांचा बफर होता. इथरनेटचं नेहमीचं पॅकेट साधारण दीड हजार बाइटांचं, त्यामुळे जागा ऐसपैस वाटावी अशीच.

पण आभासी यंत्र एक पॅकेट अनेक तुकड्यांत देऊ शकतं. प्रत्येक तुकड्यासाठी ते कार्डाला एक चिठ्ठी देतं, मजकूर इथे आहे आणि इतका लांब आहे. एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त ४०९६. एकेक चिठ्ठी नियमात बसत होती. सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज मात्र कोणी करत नव्हतं. जून २०१५मध्ये ही दुरुस्ती आली: आधी जमलेलं अधिक आता आलेलं, हे बफरच्या मापापेक्षा जास्त झालं तर पॅकेट गुपचूप टाकून द्या. दुरुस्ती करणाऱ्याने शेजारी टीप लिहिली आहे की खरं कार्ड असं वागत नाही. मला ही टीप फार आवडते. नक्कल कुठे सोडली आणि का, हे पुढच्या माणसाला कळतं.

प्रश्न मिटला असं वाटलं. बरोबर ४०९६ बाइट आले तर चालेल, कारण रकाना तेवढाच आहे. मात्र या कार्डाला स्वतःची चाचणी घेण्याची सोय आहे. पाठवलेलं पॅकेट बाहेर न जाता त्याच्याकडेच परत येतं. त्या वेळी कार्ड पॅकेटच्या शेवटी सीआरसी जोडतं. आपण शाळेत गणिताचा ताळा करायचो ना, तसाच हा मजकुराचा ताळा, चार बाइटांचा. रकाना काठोकाठ भरलेला असताना हे चार बाइट जाणार कुठे? शेजारी. आणि शेजारी नेमका तो पत्ता ठेवलेला होता, ज्यावरून काम झाल्यावर कोणाला हाक मारायची हे प्रोग्राम ठरवतो.

कोणी म्हणेल, ताळ्याचे चार बाइट म्हणजे निव्वळ कचरा, त्याने काय होणार? पण हा ताळा गुप्त नसतो. मजकूर असा बेतता येतो की ताळा हवा तोच निघावा. म्हणजे त्या पत्त्यातला मोठा भाग आतल्या बिऱ्हाडकरूच्या हातात गेला. मेहदी ताल्बी आणि पॉल फारिएलो यांनी २०१७ साली 'फ्रॅक' या नियतकालिकात हे करूनच दाखवलं. दुसऱ्या एका नकली कार्डातून स्मृतीची माहिती गळत होती. ती वापरून पत्ते काढले आणि या चार बाइटांच्या जोरावर ते आभासी यंत्रातून बाहेर पडले.

नोव्हेंबर २०१५ची दुसरी दुरुस्ती पाहाल तर हसू येईल. जूनच्या त्याच ओळीत बफरच्या मापातून चार वजा केले, आणि टिपेत जोडलं की शेवटचे चार बाइट सीआरसीसाठी राखलेले आहेत. त्याच सुमारास बाहेरून येणाऱ्या पॅकेटांसाठीही ४०९२ ही मर्यादा आली, कारण तिथेही शेवटी चार बाइट जोडले जातातच. मला विचाराल, तर जूनच्या दुरुस्तीत गणित चुकलेलं नव्हतं. पाहुणे बरोबर मोजले होते, घरचं माणूस पंगतीत बसणार हे धरलं नव्हतं. आमच्याकडे नवी मुलं येतात, तेव्हा मी या दोन दुरुस्त्या त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, या रकान्यात आणखी कोण कोण लिहितं?

ओळ बदलली म्हणजे काम संपलं असंही नाही. सर्व्हरवर नवा प्रोग्राम बसवला तरी चालू असलेली आभासी यंत्रं जुन्याच प्रोग्रामवर चालत राहतात. तो त्यांनी सुरुवातीलाच स्मृतीत घेतलेला असतो. प्रत्येक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, किंवा चालता चालता दुरुस्त सर्व्हरवर हलवावं लागतं. बंद करायचं म्हणजे ज्याचं यंत्र त्याची परवानगी हवी. महिनाअखेर असते, निकालाचे दिवस असतात, लोक म्हणतात पुढच्या आठवड्यात बघू. दुरुस्ती जाहीर होताच दोष कुठे होता हे साऱ्या जगाला कळलेलं असतं, त्यामुळे तो आठवडा आम्हाला जड जातो.

पीसीनेटची नक्कल क्यूएमूमध्ये अजून आहे. नव्या यंत्रांना आम्ही ती जोडत नाही. त्यांना व्हर्टिओ देतो, जे कोणत्याही जुन्या कार्डाची नक्कल करत नाही. पण एखाद्या कारखान्यातला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम जुनं कार्ड दिसल्याशिवाय बोलतच नाही. अशा यंत्रांची आम्ही वेगळी यादी ठेवतो, ती वेगळ्या सर्व्हरवर चालवतो आणि दुरुस्ती आली की पहिली पाळी त्यांची.